आबांचं बीपी आणि माझे बिबडे

आमच्या घरात मी मिठाला कुलूप लावलं होतं, आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

झालं असं, की माझे वडील, आबा, असोद्याहून तपासणीला जळगावला आले आणि त्यांचं बीपी चांगलंच वाढलेलं निघालं. "रोज गोळी, आणि मीठ अगदी कमी," डॉक्टर म्हणाले, "नाहीतर लकव्याची भीती आहे." लकवा म्हटल्यावर मी कसली थांबते! आबांना मी माझ्याकडेच ठेवून घेतलं. मिठाची बरणी कपाटात आणि किल्ली माझ्या कमरेला!

"काय वं पोरी, हे भरीत हाये का काढा?" पहिल्याच घासाला आबांनी तोंड वाकडं केलं.

"जेवा गुपचूप!" (मी अशी वडिलांवर कधी ओरडले नव्हते. मजा आली.)

उन्हाळा संपता संपता पुन्हा मोजलं, तर बीपी आणखी वर! मी घरी येऊन वरणातली चिमूटही बंद केली. पुढच्या खेपेलाही तेच. आता दवाखान्यात ठेवून बघू, असं डॉक्टर म्हणाले आणि आबांचा चेहराच उतरला. मला तर तिथेच रडू फुटलं.

"ताई, यांच्या पोटात मीठ किती जातं?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक कण नाही! कुलूप आहे, कुलूप!"

"मग आबा, तुम्ही जेवता तरी कसे?"

"बिबडे हायेत ना!" ज्वारीच्या त्या पापडांचं नाव घेताच आबा खुलले. "भाकरीसंग बिबडे, चहासंग बिबडे. पोरीनं यंदा डबे भरून केले."

"ताई, बिबड्यांत मीठ नसतं?"

"असतं की! पण ते बिबड्यांचं, डॉक्टर. आबांचं नाही!" (वर्षाचं वाळवण ते, टिकायला नको?)

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, पोटाला काय कळतं, मीठ भाजीतून आलं की बिबड्यांतून? लोणचं, पापड, सगळं त्यातच आलं."

बिबडे बंद झाले, गोळी चालूच राहिली. पुढच्या वेळी यंत्राकडे बघून डॉक्टर हसले. बीपी उतरलं होतं! मी दवाखान्यातच आबांच्या गळ्यात पडले.

"पण पोरी," आबा हळूच म्हणाले, "यंदाचे बिबडे जरा जास्तच खारे होते, नाई?"

"होणारच ना, आबा! तुमचं जेवण अळणी, जीव तुटायचा हो माझा. म्हणून बिबड्यांत मीच दुप्पट मीठ घातलं होतं!"