सिरक्याचा वास

मठपती डॉक्टरांच्या स्कूटरवर मागं बसायला कुणी तयार नसे. डिकीत कायम सिरक्याचा कॅन. मांजरसुंब्याच्या ढाब्यावरून आणलेला, कांद्यावर घालतात तोच. खड्डा आला की सांडायचा. मी एकदाच बसलो. घरी आल्यावर कुत्र्यानंही ओळख दाखवली नाही. पण साऱ्या जगाला नाक मुरडायचे ते हे जनावरांचे डॉक्टरच. "घाण माणसाची असती बे, जनावराची न्हाई," म्हणायचे.

दुष्काळात आमच्या दूध संस्थेनं छावणी घातली. मी सचिव, म्हणजे फोटोत कडेला उभा राहणारा. वाळक्या कडब्यावर युरियाचं पाणी शिंपडायचं, तो दाबून झाकायचा, मुरला की मगच जनावरांना घालायचा, हे डॉक्टरांनी शिकवलेलं. पण अध्यक्ष फोटोग्राफर घेऊन आले. मुरायचं सोडा, युरिया विरघळेपर्यंतसुद्धा कोण थांबतो? खड्यांसकट कडब्याची पाटी मी हसऱ्या तोंडानं काशीकाकूच्या म्हशीपुढं सरकवली. काकू माझी चुलती. तिच्या घरी दुभतं तेवढंच.

फोटोवाल्यांची जीप वळते न वळते तोच म्हैस थरथरू लागली. पोट फुगलं, तोंडाला फेस, आणि एस.टी. स्टँडच्या मुतारीसारखा वास. मी नाक धरलं. तरी अक्कल पाजळलीच. पोट फुगलं की सोडा, हे आमच्याकडं पोरासोरांना ठाऊक. सोड्याच्या पाण्याची बाटली म्हशीच्या तोंडाशी नेली, तेवढ्यात डॉक्टर आले. बाटली हिसकावून भिरकावली.

"मारतू का काय तिला?"

"पोट फुगलंय, डॉक्टर..."

"युरियाचा अमोनिया झालाय आत. आंबट भेटलं की त्याच्यावर विजेचा भार चढतो, मग पोटाच्या पडद्यातून रक्तात घुसता येत न्हाई त्याला. सोडा दिला की भार उतरला, चोर मोकाट! कळलं का, सचिवसाहेब?"

नळीनं गार पाणी ओतलं, मागून सिरका. काकूनं म्हशीचं तोंड छातीशी धरलेलं.

"वाचंल का वं, डॉक्टर?"

"वाचंल. ह्यानं परत हात लावला न्हाई तर."

म्हशीनं ढेकर दिला. हिरवा फेस थेट डॉक्टरांच्या मिशीवर. त्यांनी पुसलासुद्धा नाही. दिवस कलताना म्हैस उठली, काकू रडायला लागली, आणि मी आनंदानं डॉक्टरांपुढं हात केला. मेल्या उंदराकडं बघावं तसं बघत ते म्हणाले, "आधी धू."

पुढं जेव्हा भेटलो तेव्हा तेच. मी धुऊन येईतो स्कूटर गेलेली असायची.

शेवटचे भेटले ते अंबाजोगाईच्या दवाखान्यात, खाटेवर. आत जाण्याआधी मी नळावर कोपरापर्यंत हात घासले. त्यांनी माझा हात नाकाशी नेला. चेहरा आक्रसला.

"साबण लई घाण हाय बे," म्हणाले. आणि हात काही सोडला नाही.