काचवाल्याची गाडी, ताईची खिडकी

आमच्या गल्लीत काचेविना फोटो सापडणार नाही. आजोबा, पणजोबा, बक्षीस घेणारी नात, इतकंच काय, न्हाव्याचा दिवंगत कुत्रासुद्धा काचेआड सुखरूप आहे. या सगळ्या काचा मुळात एकाच खिडकीसाठी कापलेल्या होत्या. ती खिडकी गावाच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीवर, काचवाल्याच्या थोरल्या बहिणीच्या घरी आहे, आणि तिला वर्षानुवर्षं प्लायवूड ठोकलेलं होतं.

काचवाल्याचं दुकान गल्लीच्या कोपऱ्यावर. दुकान वडिलांचं, काच कापायचा कटर वडिलांचा, आणि मागच्या पत्र्याखाली उभी असलेली पिकअपही वडिलांचीच. या गाडीतून त्यांनी गावभर काचा पोचवल्या. ताईनं घर बांधलं तेव्हा पुढच्या खोलीची भली मोठी, एकसंध काच त्यांनीच नेली आणि बसवली. ते गेले त्याच वर्षी वादळात एक फांदी आली आणि काचेचा चुरा झाला. काचवाला धावत टेकडीवर गेला, माप घेतलं आणि डोळे पुसत म्हणाला, "ताई, बाबांनी आणली होती तशी बाबांच्याच गाडीतून आणीन. तोवर प्लाय मारतो."

ताईचेही डोळे भरलेले होते. "तसंच कर," ती म्हणाली. रडताना माणसाने काही कबूल करू नये, हे तिला पुढे पुष्कळदा वाटलं.

गाडीचा तळ इतका कुजला होता की बसल्या जागेवरून रस्ता दिसायचा. इंजिनात चिमण्यांचा संसार होता. काचवाल्याला गाड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून तो रोज दुकान बंद करून गॅरेजवाल्याच्या डोक्यावर जाऊन बसू लागला. गॅरेजवाल्यानं आधी समजावलं, मग चिडून पाहिलं आणि शेवटी कंटाळून शिकवलं. दोनेक वर्षांनी इंजिन सुरू झालं तेव्हा आख्खी गल्ली धुरात बुडाली. वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागले, तरी बायका गॅलरीत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. काचवाल्यानं त्याच आठवड्यात काच कापली, मागच्या हौद्यात उभी केली आणि निघाला.

टेकडीच्या चढावर मागून टक् असा बारीक आवाज आला. काच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकली होती.

"पाटे गेलेत," तो घरी येऊन म्हणाला. त्याने चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलले. पुढची काच दगडी रस्त्यावर तडकली. मग त्याने टायर बदलले, मग शॉकअब्सॉर्बर, मग इंजिनाखालची रबरं. दर वेळी काच तडकायची आणि दर वेळी गाडी अधिक झकास व्हायची. आपली पिकअप इतकी सुंदर होण्यामागे एवढं फुटकं नशीब असलेला माणूस आमच्या पाहण्यात दुसरा नाही. फुटलेल्या काचांचे धड भाग त्याची बायको फोटोंसाठी कापायची आणि वाटून टाकायची. "अहो, न्हाव्याकडे आता कुत्र्याचा शेवटचा फोटो उरलाय," ती म्हणायची. "यापुढची काच जरा बघून फोडा."

तिकडे ताईच्या मुलीनं प्लायवर रंगीत खिडकी काढली होती. तिच्यात झाड, सूर्य आणि दोन ढग होते. मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली, झाडाचा रंग उडाला. ताईचे यजमान वर्तमानपत्र घेऊन मागच्या पायरीवर बसायचे, कारण पुढच्या खोलीत भरदुपारी दिवा लागायचा. "मेहुणे, या वेळी कुठपर्यंत आली?" ते दर खेपेला विचारायचे. त्यांना खरंच उत्सुकता असायची.

आता यात एक गोष्ट सांगायला हवी. काचवाल्याला फट म्हणून सहन होत नाही. फटीतून पाणी येतं, वारा येतो, काच वाजते, म्हणजे काम कच्चं. हे त्याच्या हाडीमासी भिनलेलं. त्यामुळे गाडीत जिथे जिथे फट दिसली तिथे त्याने रबर ठोकलं, पाचर मारली, पुट्टी भरली. हौद्यात काच उभी करायचा लाकडी आधार त्याने बोल्टांनी असा आवळला की हत्तीनं ओढला तरी हलू नये, आणि काच त्यात चारही बाजूंनी घट्ट दाबून बसवली. त्याच्या मते ही सुरक्षेची कमाल होती. तो काच नेत नव्हता, चालत्या गाडीत खिडकी बसवून नेत होता.

गेल्या महिन्यात ताई स्वतः दुकानात आली. ती नुकतीच निवृत्त झाली होती आणि शिवणयंत्र पुढच्या खोलीत मांडणार होती.

"मला उजेड हवाय," ती म्हणाली. "येत्या रविवारी काच लागली नाही, तर पुलापलीकडच्या काचवाल्याला बोलावणार."

"त्याला? अगं ताई, तो पुट्टी बोटानं सारवतो!"

"सारवू दे. तुझी तर दारापर्यंतही येत नाही."

पुलापलीकडचा काचवाला आपल्या सख्ख्या बहिणीच्या खिडकीला हात लावणार, या विचारानं त्याचा चेहराच उतरला. त्याने तिला गाडीत बसवलं आणि घरी सोडायला निघाला. दगडी रस्ता आला, संपला. ताई इकडेतिकडे बघू लागली.

"ही बाबांची गाडी नाही," ती म्हणाली.

"म्हणजे काय? तीच आहे. पत्रा तेवढा नवा टाकलाय."

"बाबांच्या गाडीत बोलताना जीभ चावली जायची. ही कशी सोफ्यावर बसल्यासारखी! आणि मागचा खणखणाट कुठे गेला?"

"कसला खणखणाट?"

"काचांचा. अरे, इथून बाजारापर्यंत ऐकू यायचा. आपण आलोय हे दार वाजवून सांगावं लागायचं नाही."

काचवाल्यानं गाडी कडेला घेतली. लहानपणी तो पुढे बाबांशेजारी बसायचा. तिथे इंजिनाच्या गोंगाटात दुसरं काही ऐकू येत नसे. हौद्यात काचांजवळ बसायची ती ताई.

"तू मागे काय करायचीस?"

"दोरी धरायचे. काचा गवताच्या गादीवर उभ्या, मागे टेकायला गोधडी, वरून एक दोरी. बाबा ओरडायचे, 'ओढू नकोस, सैल धर! गाडी वाकडी झाली तर काचेला सरकायला जागा पाहिजे!' माझे हात दुखायचे, तुला काय, तू पुढे झोपलेला."

"हे तू मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस कधी? मला वाटलं, तू काचवाला आहेस!"

तो स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसायला लागला, आणि ते हसू ताईलाही लागलं. मागून आलेल्या सायकलवाल्यानं थांबून, काही मदत हवी आहे का, असं विचारलं.

रविवारी सकाळी आख्खी गल्ली दुकानासमोर. काचवाल्यानं पाचरी काढल्या, रबरं उपसली, बोल्ट सैल केले. इतक्या वर्षांचं काम उलटं करताना त्याच्या तोंडावर दात काढून घेणाऱ्याचे भाव होते. गवताची गादी झाली, गोधडी लागली, काच उभी राहिली. मग ताई म्हणाली, "बाजूला व्हा," आणि स्टुलावर पाय देऊन हौद्यात चढली.

"अगं, या वयात?" तिचे यजमान म्हणाले. ते मुद्दाम टेकडी उतरून आले होते.

"दोरी तुम्ही धरता? तुम्ही वर्तमानपत्रसुद्धा घट्ट धरता." ताई पोत्यावर बसली.

गाडी निघाली आणि खणखणाट सुरू झाला. काचवाला दर वळणावर मान मागे वळवत होता आणि ताई ओरडत होती, "पुढे बघ! मी आहे ना!" दगडी रस्त्यावर काच अशी नाचली की बघ्यांनी डोळे मिटले. चढावर गाडी एका अंगाला कलली, काच बोटभर सरकली, खण्ण करून पुन्हा टेकली. आणि टेकडीवरच्या शेजाऱ्यांनी आवाज ऐकून दारं उघडली तेव्हा ती सबंध होती.

प्लाय निघाला. मुलीनं रंगवलेलं झाड यजमानांनी आत भिंतीला लावून ठेवलं. काचवाल्यानं काच चौकटीत बसवली, कडेनं पुट्टी फिरवली, अर्थात सुरीनं, आणि खोलीत ऊन आलं. त्यासरशी भिंतीवरचे डाग, सोफ्याचा खरा रंग आणि यजमानांचा हरवलेला चष्मा एकदमच दिसू लागले.

"आता रस्त्यावरून आपण सगळ्यांना दिसणार," यजमान म्हणाले.

"दिसू दे," ताई म्हणाली आणि काचेपाशी गेली.

काचवाला बाहेर उभा राहून कडा तपासत होता. तिला पाहून तो काहीतरी म्हणाला. तिनं आतून उत्तर दिलं. काच चांगलीच जाड होती. दोघांनाही एकमेकांचं काही ऐकू येत नव्हतं आणि दोघंही बोलायची थांबत नव्हती.