एप्रिलचा आकडा

बायकोला मी सगळं सांगतो. कचेरीतली कुरबूर, दाढदुखी, स्वप्नंसुद्धा. ही एक गोष्ट मात्र तिलाही सांगितलेली नाही. मंडळातल्या कुणाला सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता. तुम्हाला सांगतो आहे ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून – ओळखणाऱ्यांसमोर तोंड उघडायला मला आजवर जमलेलं नाही.

मी याद्या करणारा माणूस आहे. सदऱ्याच्या खिशात छोटी वही आणि पेन्सिल. उद्याची कामं आज लिहायची, काम झालं की ओळीवर आडवी रेघ मारायची. पान भरलं की सगळ्या ओळींवर रेघा दिसल्या पाहिजेत, नाहीतर मला जेवण गोड लागत नाही. बाजारात दुकानं ज्या क्रमाने लागतात त्याच क्रमाने मी भाजीची यादी करतो, त्यावरून घरात माझी चेष्टा होते. अशा माणसाला चार लोक एकत्र आले की सेक्रेटरी करतात. मलाही केलं.

तेव्हा देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी जळगावच्या वीजघरात सहायक अभियंता होतो. जळगाव, धुळे आणि भुसावळ इथल्या विजेच्या कामातल्या माणसांनी मिळून एक मंडळ काढलं होतं, मुंबईच्या एका संस्थेला जोडलेलं. पगार नाही, भत्ता नाही, हौसेचं काम. महिन्याच्या पहिल्या रविवारी जळगावच्या एका शाळेच्या विज्ञानवर्गात सभा व्हायची. कुणीतरी एक निबंध वाचायचा, त्यावर चर्चा, मग चहा. भुसावळचे रेल्वेतले अभियंते सकाळच्या गाडीने यायचे आणि दुपारची गाडी गाठायला घाईने उठायचे. सभासद दोन प्रकारचे होते. पदवी-पदविकावाले ते पूर्ण सभासद. परवाना काढून कामं करणारे वायरमन, सुपरवायझर ते सहयोगी. त्यांना मत नव्हतं. त्यांना मागे बसा असं कुणी कधी म्हटलं नाही. ते आपणहून मागच्या बाकांवर बसायचे.

त्या मागच्या बाकांवर लोटूभाऊ बसत. लोटू पाटील – धुळ्याकडच्या खेड्यातले, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, जळगावाबाहेरच्या एका जिनिंगात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, विजेचे सुपरवायझर. आमच्याशी पुस्तकी मराठीत बोलायला सुरुवात करायचे आणि विषय मनाला लागला की अहिराणीवर यायचे. एक सभा चुकवली नाही त्यांनी. निबंधातलं त्यांना कितीसं समजत असेल, असं मला तेव्हा वाटायचं. – हे असं वाटणं हीच खरी सुरुवात होती का? असेल.

त्या एप्रिलमध्ये निबंध माझा होता. विषय – काळ्या जमिनीतलं अर्थिंग. म्हणजे साधी गोष्ट आहे: यंत्राच्या लोखंडी अंगापासून एक तार काढून जमिनीत पुरलेल्या पट्टीला जोडतात, भोवती कोळसा आणि मीठ भरतात. यंत्रात कुठे वीज गळली तर ती माणसाच्या अंगातून न जाता त्या वाटेने जमिनीत जावी, यासाठी. जमीन ओली तर वाट चांगली. मी पंधरा-वीस जिनिंगांमध्ये ही वाट किती चांगली आहे याच्या मोजण्या घेतल्या होत्या, कोष्टकं केली होती, मोठ्या कागदावर दोन रंगांच्या शाईत काढून फळ्यावर लावली होती. पुढच्या महिन्यात मंडळाची निवडणूक होती आणि मुंबईच्या मुख्य कचेरीतून कुणीतरी आमची दप्तरं बघायला येणार होतं. निबंध चांगला झाला. रेल्वेचे एक वरिष्ठ मान डोलवत होते. मी ते बघत होतो.

मग मागून लोटूभाऊ उभे राहिले.

“साहेब, तुमना कागद चांगला शे. पन एप्रिलना आकडा कोठे शे?”

मी कोष्टकाकडे वळलो. सगळे वळले. ऑगस्ट ते डिसेंबर – पाचही रकाने सुबक भरलेले. उन्हाळ्याचा रकानाच नव्हता. खानदेशात काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. मी पावसाळ्यात आणि थंडीत मोजून मोकळा झालो होतो. ते वरिष्ठ हसले. “घ्या सेक्रेटरी, पेपर सोपा गेला म्हणत होतात ना?” सगळा वर्ग हसला. कुणी दुष्टपणाने हसलं नाही. मीही हसलो. पण कानाच्या पाळ्या तापलेल्या मला आजही आठवतात.

तेवढ्यात गाडीची वेळ झाली आणि भुसावळची मंडळी उठली. चहा बाहेर होता, बाकीचेही तिकडे सरकले. बाकं सरकवल्याचा आवाज चालला होता. वर्गात आमचे अध्यक्ष – वयस्कर, कानाने मंद – मी, आणि लोटूभाऊ. ते पुढे आले आणि खरं बोलायचं ते तेव्हा बोलले. त्यांच्या जिनिंगात जमीन तडकली होती. यंत्राला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. ते रोज सकाळी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतायचे, पण विहीर आटली तशी मॅनेजरने मनाई केली – पाणी माणसांना पुरेना, जमिनीला कुठून घालू? सुपरवायझरचं तो ऐकत नव्हता. मंडळाने सगळ्या जिनिंगवाल्यांना एक पत्र लिहिलं, एवढ्या शिकलेल्यांची सही बघितली, तर ऐकेल. एवढंच मागणं होतं.

“हाई गोट लिखी ल्या, साहेब,” ते म्हणाले.

मी वही काढून पेन्सिलीने लिहून घेतलं. ते माझ्या हाताकडे बघत उभे होते. लिहून झाल्यावर नमस्कार करून गेले.

इतिवृत्त मी सोमवारी सकाळी, कचेरीत जाण्याआधी पक्क्या वहीत उतरवायचो. त्या सोमवारीही बसलो. लोटूभाऊंचं म्हणणं लिहायचं तर आधी त्यांचा प्रश्न लिहावा लागणार होता, आणि प्रश्न लिहिला की माझ्या निबंधातलं भोक मुंबईहून येणारा माणूस वाचणार होता. पेन थांबलं. किती वेळ थांबलं? फार नाही. मी लिहिलं – “निबंधावर उद्बोधक चर्चा झाली. सभासदांनी काही उपयुक्त सूचना मांडल्या.” अक्षर चांगलं आलं होतं. खोटं असं त्यात काहीच नव्हतं, बघा. हेच मी स्वतःला पुढे कित्येक महिने सांगत होतो.

मे महिन्याच्या सभेत मी ते इतिवृत्त वाचलं. कुणी ऐकत नाही तो भाग. सगळे पंख्याखालची जागा धरण्यात असतात. लोटूभाऊ मागे बसून ऐकत होते. दुरुस्ती आहे का, अध्यक्षांनी विचारलं. कुणाची नव्हती. इतिवृत्त कायम झालं. निवडणुकीत मी पुन्हा बिनविरोध निवडून आलो.

त्यानंतर आठवडाभराने त्या जिनिंगात यशोदाबाई नावाच्या एका मजूर बाईने पाणी पिऊन ओल्या हाताने यंत्राला धरलं. धक्क्याने ती जिवाला मुकली नाही. पण तोल गेला आणि उजवा हात यंत्राच्या फिरत्या रुळात सापडला. तीन बोटं गेली. तिचं नाव मला चौकशीत कळलं. पुढे तिचं काय झालं, ते मी विचारलं नाही. हेही यातच लिहून ठेवतो.

चौकशीला सरकारी निरीक्षक आले. मॅनेजर म्हणाला, सुपरवायझरने कधी धोक्याची सूचना दिलीच नाही. लोटूभाऊंचा परवाना पणाला लागला होता – परवाना गेला की सुपरवायझरकी गेली, आणि दुसरा कुठलाही कारखाना त्यांना दारात उभं करणार नव्हता. ते म्हणाले, मॅनेजरला मी तोंडी सांगितलं, आणि मंडळातही बोललो. वही आणून बघा.

निरीक्षकांनी मला आणि अध्यक्षांना बोलावलं. मी पक्की वही घेऊन गेलो. त्यांनी एप्रिलचं पान काढलं, वाचलं, पुन्हा वाचलं.

“यात तर काही नाही.”

अध्यक्ष म्हणाले, “वहीत असेल तेच खरं, साहेब. आमचे सेक्रेटरी कुणाची शिंकसुद्धा सोडत नाहीत.”

निरीक्षक लोटूभाऊंकडे वळले. मेच्या सभेत हे वाचलं तेव्हा तुम्ही हजर होता ना, मग हरकत का घेतली नाही? लोटूभाऊ जरा गोंधळले. मग शांतपणे म्हणाले, “‘उपयुक्त सूचना’ असं वाचलं ना साहेबांनी. मला वाटलं, माझंच बोलणं मोठ्या भाषेत लिहिलंय.”

मला काय वाटलं ते मी सांगत बसत नाही. कारण त्यानंतर त्यांनी मला आणखी एक संधी दिली. म्हणाले, “साहेबांनी त्या दिवशी पेन्सिलीने लिहून घेतलंय. मी बघितलंय.”

निरीक्षकांनी मला विचारलं, “कच्ची टिपणं ठेवता तुम्ही?”

एप्रिलची, एव्हाना भरलेली छोटी वही माझ्या पिशवीत होती. पिशवी माझ्या पायाशी होती. हात खाली नेला असता तरी पुरे होतं.

“नाही,” मी म्हणालो. “पक्कं उतरवलं की फाडून टाकतो.”

ज्याने आयुष्यात एक वही फेकली नाही, तो माणूस हे म्हणाला. लोटूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही – एखादी मोजणी चुकीची आली तर मीटरकडे बघतात ना, तसं. मग त्यांनी मान खाली घातली. परवाना गेला. ते धुळ्याकडे निघून गेले.

त्याच वर्षी मी मंडळात ठराव मांडला – अर्थिंगची मोजणी दरवर्षी एप्रिल-मेमध्ये झालीच पाहिजे आणि खड्ड्याला पाणी घातलंच पाहिजे. एकमताने मंजूर झाला. आमच्याकडच्या कारखान्यांनी तो मानला, अजून मानतात. मंडळात तो माझ्या नावाने ओळखतात. मुख्य कचेरीने कौतुकाचं पत्र धाडलं. मी ते फाईलला लावलं, क्रमांक घातला. दोन वर्षांनी अध्यक्ष झालो. अपघात टळले असतील, मला माहीत आहे. त्याचा या गोष्टीशी काय संबंध?

धुळ्याला एकदा कामासाठी गेलो होतो. बसस्टँडजवळच्या एका दुकानात लोटूभाऊ पंख्याच्या मोटारीला तार गुंडाळत बसलेले दिसले. मी पुढे निघून जाणार होतो – हो, जाणार होतो. त्यांनीच हाक मारली. खुर्ची पुसली, चहा मागवला. मुलांची चौकशी केली. चहा संपता संपता विचारलं, “आते एप्रिलमा मोजतस ना?”

मी म्हणालो, हो, तसा नियम झालाय.

“बरं जयं,” ते म्हणाले, आणि पुन्हा तार गुंडाळू लागले.

त्या नियमाला लोक कुणाचं नाव देतात हे त्यांना ठाऊक होतं का? मी विचारलं नाही. चहा पिऊन उठलो.

आता मंडळ एक स्मरणपुस्तिका काढतंय. जुन्या इतिवृत्तांमधले उतारे द्या, असं मला सांगितलंय. आणि अध्यक्ष म्हणून माझा सत्कारही ठरलाय. उतारे काढायला म्हणून परवा जुन्या वह्या खाली घेतल्या. त्यात ती छोटी वहीही आली. तिचं ते पान मी, लोटूभाऊंचा परवाना परत द्यावा अशा अर्जासोबत, परवाना देणाऱ्या कचेरीकडे रजिस्टर टपालाने पाठवलं आहे, आणि अध्यक्षपदाचा राजीनामा मंडळाकडे. हे सहा-सात वर्षांपूर्वी एका दुपारी करायचं काम होतं. आज केलं म्हणून ते चांगलं होत नाही. लोटूभाऊंनाही पत्र टाकलंय. उत्तर यावं अशी अपेक्षा ठेवायचा मला अधिकार नाही, म्हणून पत्रात उत्तराचं काही लिहिलं नाही.

पाठवण्याआधी मी ते पान पाहिलं. वरती लोटूभाऊंचं सगळं बोलणं आहे, शब्द न शब्द. खाली त्याच रविवारी, शाळेतून घरी आल्यावर, मी सोमवारच्या कामांची यादी केलेली आहे. तीन ओळी आहेत. शाईची बाटली – रेघ मारलेली. इतिवृत्त – रेघ मारलेली. तिसरी ओळ: जिनिंगवाल्यांना पत्र, लोटूभाऊ म्हणतात ते बरोबर आहे.

तिच्यावर रेघ नाही.