माझ्या खिडकीसमोरचं ताईचं घर

माझी ताई फटी भरायची. म्हणजे असं की फरशीवाला टाइल्स बसवून निघून जातो, मग दोन टाइल्सच्या मधे जी रेघ राहते ती भरायची. पांढरं सिमेंट डब्यात कालवायचं, रबराच्या पट्टीने दाबायचं, कोपऱ्यात पट्टी जात नाही तिथं बोट घालायचं. मग ओल्या स्पंजने पुसायचं. लवकर पुसलं तर सगळं निघून येतं आणि उशीर केला तर दगड होतो. ती मधली वेळ ताईला बरोबर कळायची. मुकादम म्हणायचा, हिच्या फटीतून पाणी सोडा, मुंगीसुद्धा जाणार नाही. ताई म्हणायची, मुंगीला कशाला जायचंय बाथरूममध्ये, अंघोळ करायचीय का तिला?

उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला तिच्या ठसाच उरला नव्हता, सिमेंटने खाल्ला. सरकारी मशीनवर बोट ठेवलं की मशीन नाही म्हणायची. ताई हसायची, म्हणायची बघ, मी चोरी केली तर सापडायचीच नाही.

मी तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. आई कामाला जायची म्हणून मला सांभाळायला ताईची शाळा तिसरीत सुटली. मी सातवीपर्यंत गेले. मला सही यावी म्हणून ताई शेजारच्या मास्तरीणबाईंच्या मागे लागली होती. म्हणायची, हिच्यावर अंगठा उठवायची पाळी नको यायला. रोज संध्याकाळी मास्तरीणबाई पाटीवर माझ्याकडून सही गिरवून घ्यायच्या आणि ताई दारात बसून बघायची.

आम्ही दोघी वाढलो ती खोल्यांची रांग, तिथंच आता आमची इमारत आहे. रांगेचा मागचा अर्धा भाग पाडून आधी ही इमारत उठली, पूर्ण भावाने विकायची. आमचे हे गाडी चालवतात, कर्ज काढून त्यांनी तिथं घर घेतलं, तिसऱ्या मजल्यावर. पुढच्या अर्ध्या रांगेत ताई होती, एकटी, मुलीचं लग्न झालेलं. तिथं दुसरी छोटी इमारत होणार होती रांगेतल्या लोकांसाठी, अर्धे पैसे सरकार घालणार. नकाशात ताईची खोली माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येत होती. ताई म्हणाली, तुला हाक मारायला फोन नको आता, भांडं वाजवते. तिचा जीव आणखी एका गोष्टीत होता. दवाखाना रांगेपासून चालत सहा मिनिटांवर. सिमेंटच्या धुळीने तिची छाती गेली होती, महिन्यातून दोनदा वाफ घ्यायला जायची, तिथल्या सिस्टर तिला खोकल्यावरून ओळखायच्या.

आमच्या इमारतीच्या फटीपण तिनेच भरल्या. आमच्या घराच्या भरताना मला म्हणाली, तुझ्या बाथरूमला दोन हात जास्त मारलेत, कुणाला सांगू नको.

मी तसं कुणालाच काही सांगितलं नाही. राहायला आल्यावर ही माझी बहीण आहे असं एकदाही कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही हे खरं, पण मीही सांगितलं नाही.

मग आमच्या इमारतीच्या कमिटीच्या बाई समोरच्या इमारतीला हरकतीचा कागद घेऊन आल्या. पाच महिन्यांत पहिल्यांदा माझ्या घरात कुणी बसलं. चहा घेतला, पडदे छान आहेत म्हणाल्या. म्हणाल्या, आमचा गरिबांना विरोध नाही हो, पण आपण हप्ते भरून मरायचं आणि त्यांना आपल्याच कराच्या पैशातून घर? आणि समोर ती इमारत झाली की आपल्या घराला भाव येईल का? यांनी लगेच सही केली. यांचंही खोटं नाही, चौदा चौदा तास गाडी चालवतात, त्यांना कुणी सवलत दिली? मग कागद माझ्याकडे आला. घर दोघांच्या नावावर म्हणून दोघांच्या सह्या. मी मनात म्हटलं माझ्या एकीच्या सहीने काय होतंय. आणि त्या बाई हसून माझ्याकडे बघत होत्या. केली सही.

महापालिकेच्या हॉलमध्ये सुनावणी झाली. आम्ही पुढे खुर्च्यांवर, रांगेतली माणसं मागे, निम्मी उभी. मी मान खाली घालून बसले होते. आमचे चौथ्या मजल्यावरचे रिटायर काका उठले. म्हणाले, फुकट दिलं की माणूस आळशी होतो साहेब, हा जगाचा नियम आहे.

मागून ताईचा आवाज आला.

"साहेब, मी बोलू? ते काका चौथ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या किचनच्या फटी मी तापात भरल्यात. काका, गळतंय का कुठं?"

मागचे हसले. काका म्हणाले, "गळत नाही, पण हा मुद्दा नाही."

"मग मुद्दा सांगते. तुमच्या बिल्डिंगला रस्ता कुणी करून दिला? सरकारने. पाण्याची मोठी लाईन? सरकारने. बिल्डरला जागा निम्म्या भावात? सरकारने. तुम्हाला मिळालं की ती योजना आणि आम्हाला मिळालं की ते फुकट, होय का? आणि आम्ही पण पैसे भरणारच आहोत, अर्धे. मला महाल नको साहेब. मला दवाखान्याजवळ राहायचंय, बस. माझी छाती इथल्या डॉक्टरला पाठ आहे."

खोकला आला म्हणून खाली बसली.

साहेबांनी मग हरकत घेतलेल्यांची नावं वाचली, मजल्यामजल्याने. तिसरा मजला आला. यांचं नाव वाचलं, मग माझं. मी मागे बघितलं नाही. मला बघायची गरजच नव्हती, मानेवर कळत होतं.

नंतर रांगेतल्या एकेकाला पुढे बोलावून फॉर्मवरचे प्रश्न विचारत होते. ताई माझ्यापासून दोन हातांवर येऊन उभी राहिली. साहेब म्हणाले, "शेजारच्या नव्या इमारतीत तुमचं कुणी नातेवाईक आहे का?" कमिटीच्या बाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या.

ताई म्हणाली, "नाही साहेब. कामापुरती ओळख."

मी तेव्हा उठून उभं राहायला पाहिजे होतं. एवढंच करायचं होतं, उभं राहायचं. मी पर्सची चेन उघडझाक करत बसले.

बाहेर नळावर ती पाणी पीत होती. मी जवळ गेले, ताई म्हटलं. तिने ओठ पुसले. ती टेबलापाशी उभी होती तेव्हा तो कागद तिथंच पडलेला होता, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हणाली, "वळणदार करतेस हं सही. मास्तरीणबाईंचं नाव राखलंस." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. चिडली असती तर बरं झालं असतं.

ती इमारत रद्द व्हायला निम्म्याच्या वर सह्या लागत होत्या. निम्म्याच्या वर दोनच झाल्या. आमच्या घरातल्याही दोनच.

रांगेतल्या लोकांना मग शहराबाहेर घरं दिली, दोन बसा बदलून पावणेदोन तास. ताई कामाला इकडेच यायची, अंधारात निघायची. एकदा आमच्या नळाखालची फट सुटली म्हणून मी फोन केला. खरं तर ती यावी म्हणून केला. आली, कामाचे कपडे घालूनच आली, फट खरवडून पुन्हा भरली. मी म्हटलं ताई आज राहा. म्हणाली, नको गं, तुमच्या बाईंना वाटायचं कबजा करायला आले. हसली, खोकली, स्पंज पिळून बादलीत टाकला. जाताना म्हणाली, चोवीस तास पाणी लावू नको.

चार महिन्यांनी सकाळी भाचीचा फोन. माहेरी आली होती ती, ताईला दम लागला. ॲम्ब्युलन्सवाल्याला पत्ता कळेना, नव्या वसाहतीत एकाही गल्लीला पाटी नाही. भाची रस्त्यावर उभी राहून हात हलवत होती. गाडी आली, निघाली, पुलाच्या अलीकडेच ताई गेली. दवाखान्यात सिस्टर भाचीला म्हणाली, अगं, ही इथं असती तर नुसती वाफ दिली असती. तिने सहज म्हटलं. तिला काय माहीत.

यांनी आठ दिवस माझ्याशी नजर मिळवली नाही. मग एकदा जेवताना म्हणाले, "मला वाटलं तू तरी नाही म्हणशील."

समोरच्या जागेत आता गाड्या लावतात. ताईच्या खोलीच्या जागी एक पांढरी गाडी असते, कव्हर घातलेली. भांडी घासताना मला ती दिसते.

परवा कमिटीच्या बाई परत कागद घेऊन आल्या. त्या जागेत मजुरांसाठी विश्रांतीची शेड होणार म्हणे, त्याला हरकत. पेन उघडून माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, मी सही करणार नाही. मागच्या वेळी हॉलमध्ये बोलली ती माझी सख्खी बहीण होती. माझी थोरली बहीण. तिने मला वाढवलं.

बाई म्हणाल्या, "कोण हो? कोण बोललं होतं?"

मी म्हटलं, फटी भरणारी. छातीचं बोलली ती. तुमच्याही बाथरूमच्या तिनेच भरल्यात.

त्यांनी खूप आठवून बघितलं. त्यांना आठवेना.