खोकल्यावाल्याचा नंबर पयले

मले कोनाचाबी खोकला हुबेहूब काढता येते. गणिताच्या सरांचा, किराणावाल्याचा, थंडीत चालू न होनाऱ्या ट्रॅक्टरचाबी. या कलेपायी शाळेत मार खाल्ला, पन आमच्या सरकारी दवाखान्यात ती एकदम कामी आली.

माह्या ताईले सातवा महिना होता, तिले तपासाले नेलं होतं. मेहकरकडची थंडी, म्हणून वऱ्हांड्याच्या सगळ्या खिडक्या बंद अन् आत मानसं कोंबलेली. ताई पदर नाकाले लावून बसली. तिच्या शेजारनीले पोटुशी असतानाच टीबी झालता, थेच तिच्या डोक्यात.

सिस्टरबाईनं खिडकी उघडली. एका मावशीनं लावली.

"मावशी, टीबीचा जंतू बंद खोलीत तरंगत राह्यते. हवा खेळू द्या."

"हवा खेळते बाई, पन मले हुडहुडी भरते."

बाहेर मस्त ऊन होतं, पन बाहेर गेलं का नंबर जाते, म्हणून कोनी हालेना. मंग सिस्टरबाईनं जाहीर केलं, "ज्याले खोकला आहे त्यानं मास्क घ्या, बाहेर उनात बसा. त्याचा नंबर पयले."

झालं. अख्खा वऱ्हांडा खोकाले लागला. पाय मुरगळलेला पोट्टा खोकला. बीपी मोजाले आलेला बुढा खोकला. मावशी तं अशा खोकल्या का मले वाटलं आता बत्तीशी बाहेर येते. मी एकेकाची नक्कल काढून ताईले दाखवून राह्यलो होतो, पन तिले हसू येईना.

सिस्टरबाई कमरेवर हात ठेवून म्हने, "बरं. खोकल्यावाल्याईले छातीतून बेडका काढून या डब्यात द्या लागते. कोन देते?"

सगळे एका मिनटात बरे झाले.

त्या शांततेत ताईच्या बाजूले एक आवाज आला. गिळलेला खोकला. प्रार्थनेत हसू दाबाची मले सवय, त्यात खांदे कसे उडतात हे मले बराबर माहीत. एक काका होते, तोंडात रुमाल कोंबून बसलेले.

मी हळूच म्हटलं, "काका, दाबू नका. चला बाहेर."

"मले कुठी आहे खोकला?"

"खांदे उडून राह्यले ना तुमचे."

"गावात कळलं तं कोनी चहाबी पाजनार नाई बे."

"मी पाजतो. पन हे माही ताई, पोटुशी आहे."

काकानं ताईकडं पाह्यलं अन् गपचूप उठले. सिस्टरबाईनं त्याईले मास्क देला अन् कोनी मांगितलं नसताना मलेबी एक. मंग तिनं सगळ्या खिडक्या उघडल्या. मी बाहेरून खिडकीत उभा राहून डॉक्टरसायबाच्या आवाजात नंबर पुकारले. नंबर बाहेर ऐकू येते हे कळल्यावर मावशी सगळ्यात पयले उनात आल्या. डॉक्टरसायेबबी बाहेर आले, कोन बोलून राह्यलं पाहाले. मी पळालो.

काकाले टीबीच निघाला. गोळ्या चालू झाल्या. ताईले तपासलं, तिले काई नव्हतं, अन् दोन महिन्यानं भाची झाली, आवाज माह्यावर गेला.

परवा जानेफळच्या बाजारात काका भेटले. अंगानं चांगले भरले होते. चहा त्याईनंच पाजला अन् म्हने, "माहा खोकला काढून दाखव ना बे."

"कसा काढू काका? वरिजनलच बंद पडला."