एकदाच मारलेली हाक

मी भुताच्या गोष्टी लिहायचे त्या भर उन्हात बसून. मासिकाच्या वाचकांना वाटायचं, हा लेखक स्मशानाच्या कडेला कंदील लावून बसत असणार. 'हा' म्हणते, कारण संपादकांनी मला परस्पर पुरुष करून टाकलं होतं. बाईच्या नावाला कुणी घाबरत नाही, असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्षात हा भयंकर गृहस्थ दिवेलागणीनंतर परसात जायचा झाला, तर सासूबाईंचा पदर धरून जायचा.

स्वराज्य आलं त्याच साली लग्न होऊन मी रेवदंड्याच्या कोळीवाड्यात आले. सातवी पास सून म्हणून माझा तोरा काय वर्णावा! दुपारी बाजार आटोपला की अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत असायचे, आणि कावळे हाकायला म्हणून मी खाली बसायचे. एका हातात काठी, दुसऱ्यात टाक. माझा मुडदा कथेत दारापाशी पोचला की नेमका कावळा बोंबील घेऊन उडायचा. मग थोरली जाऊ चुलीपासून विचारायची, "लेखकसायब, मेला का तुमचा मानूस? मग जरा मासळीकडं बगा." संपादकांनी एकदा कळवलं, कथा उत्तम आहे, पण कागदाला वास फार येतो. मी तीही शाबासकीच समजले.

माझ्या सगळ्या गोष्टी एकाच खुंटीवर टांगलेल्या. आमच्याकडे अंगणातून कुणी हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ देत नसत. जिवंत माणूस दुसऱ्यांदा हाक मारतो. बुडून मेलेला एकदाच मारतो, आणि ओ दिलीत की घेऊन जातो. ह्या एका हाकेवर मी किती बुडालेले दारात उभे केले, त्याला गणती नाही. केसांतून पाणी गळतंय, पायात जाळं अडकलंय, डोळे पांढरे. समुद्र माणूस नेतो म्हणजे काय होतं, हे मला कुठं ठाऊक होतं? मला वाटे, पानं भरायला बरं साधन मिळालंय.

मग एका कार्तिकात अवेळी वादळ आलं. थोरले दीर छोटी होडी घेऊन एकटेच खाडीच्या तोंडाशी गेले होते. दुसऱ्या दिवशी होडीची फळी सापडली. दीर सापडलेच नाहीत. माझे यजमान आणि गावची माणसं किनारा धुंडाळून धुंडाळून थकली.

त्यानंतर जाऊ पहिल्या हाकेला ओ देऊ लागली. मासळी घ्यायला आलेला व्यापारी असो, शेजारीण असो, हाक पुरी व्हायच्या आत ही "ओ" म्हणत उंबऱ्यात. हातातलं टाकून धावायची. दारात जिवंत माणूस बघून तिचा चेहरा पडायचा. मी ते बघायचे आणि टाक उचलावासा वाटायचा नाही.

वर्ष होत आलं. भाद्रपदात पितरांचे दिवस जवळ आले, तसं सासूबाईंनी मनावर घेतलं. देह मिळत नाही त्याचा गवताचा पुतळा करून जाळतात, मगच त्याला पितरांत जागा मिळते. पोरगा अधांतरी लटकलाय, असं त्या म्हणायच्या आणि जेवता जेवता उठून जायच्या. जाऊ मात्र ऐकेना. जाळलंत तर तो परत हाक कशी मारील, एवढंच तिचं उत्तर.

शेवटी सासूबाई मला म्हणाल्या, "ती तुझं आयकते. तिला सांग, भुतंबितं कायपन नसतात." म्हणजे परसात जायला ज्या बाईला सोबत लागायची, तिनं हे सांगायचं!

पडवीत जाऊ फाटलं जाळं सांधत बसली होती. मी शेजारी बसले आणि अडखळत सांगून टाकलं, की मी लिहिते ते सगळं मनचं आहे, मेलेलं कुणी येत नाही. ती जाळ्यावरून नजर न काढता म्हणाली,

"वादळाच्या सांजंला तो आलेला गो. अंगणातनं हाक मारली. एकदाच. मी चुलीपाशी होते. दुसऱ्या हाकेची वाट बगत ऱ्हायले."

"मग?"

"न्हाय आली दुसरी. एवढ्या पान्यातनं तो घरी आला, आन् मी ओ दिली न्हाय."

इतके बुडालेले लिहिले, पण दाराच्या आतल्या बाईनं पुढं काय करायचं, हे मी एकदाही लिहिलं नव्हतं. तेव्हा मला जे येत होतं तेच केलं. म्हटलं, "अक्का, ती हाक मी मारलेली. गोष्टीसाठी पुरुषाचा आवाज काढून बघत होते." माझ्या साऱ्या गोष्टींत इतकी वाईट रचलेली दुसरी नसेल.

जाऊनं माझ्याकडे बघितलं. कितीतरी महिन्यांनी तिच्या ओठांची कड हलली.

"तुला त्याचा आवाज सात जन्मात जमायचा न्हाय."

आणि पुन्हा दोरा ओढत ती हळूच म्हणाली, "आयेला सांग, भटाला बोलवा."

खाडीच्या कडेला दुपारी विधी झाला. गवताचा पुतळा, डोक्याच्या जागी नारळ, अंगात दिरांचा सदरा. आम्ही बायका रीतीप्रमाणे लांब उभ्या होतो. एकाएकी जाऊ चालू लागली, ती थेट पुरुषांच्या घोळक्यात शिरली. भटजी काहीतरी म्हणाले, ते तिनं ऐकलं नाही.

"छाती अशी न्हवती त्याची," ती म्हणाली. सदऱ्याची बटणं सोडून तिनं मूठमूठ गवत आत भरलं, थापटून बसवलं, बटणं लावली. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, वल्हवताना ते दुमडत तशा. मग दोन पावलं मागं सरून नीट बघितलं.

"आता पेटवा."

गवतच ते. माणसं हात जोडून उभी राहीपर्यंत जळूनही गेलं.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं गो," सासूबाई म्हणाल्या.