साहेबांची खोली

माणसावर विश्वास टाकावा तर आमच्या शेठजींनीच. नगरच्या एमआयडीसीत त्यांचा पंपांचा कारखाना आहे. पाथर्डीकडून आलेल्या मला, आमच्या घरातल्या पहिल्या पदवीधराला, त्यांनी ऑफिसात घेतले ते पदवी न बघता, नुसता चेहरा बघून. तेव्हापासून मला नावाने हाक नाही. "ए ग्रॅज्युएट!" म्हणतात, तेही गेटपर्यंत ऐकू जाईल असे.

तोच विश्वास त्यांनी आमदारकीला उभ्या राहिलेल्या साहेबांवर टाकला. निवडणुकीत गाड्या दिल्या, मंडप दिला, आणखी चार कारखानदारांना हाताला धरून सभेत पुढे नेऊन बसवले. साहेबांचा फोन आला की शेठजी उठून उभे राहत आणि शर्टाचे वरचे बटण लावत. प्रचाराचा रेकॉर्ड केलेला फोन आला तेव्हाही उभे राहिले. "साहेब, जेवलात का?" पलीकडे मत मागणे चालूच. शेठजी कौतुकाने म्हणाले, "लई गडबडीत हायेत. पण फोन स्वतः केला बघ!" साहेबांच्या विश्रांतीसाठी त्यांनी कारखान्याच्या आवारात दोन खोल्या बांधल्या, एक साहेबांना, एक त्यांच्या माणसांना. साहेबांच्या खुर्चीवरचा पांढरा टॉवेल दर सोमवारी धुतला जाई. खुर्चीवर कधी कोणी बसले नव्हते, तरीही.

माझी धाकटी बहीण तेव्हा आठवीत होती. आईवडील ऊसतोडीला निघाले की तिला गावात सांभाळायला कोणी उरत नसे; शाळा सोडून तीही फडावर जाणार होती. शेठजी म्हणाले, "साहेबांनी ऊसतोड्यांच्या पोरींसाठी नगरला वसतिगृह कबूल केलंय. निर्धास्त राहा."

साहेब निवडून आले. पाचही कारखानदार फेटा घेऊन बंगल्यावर गेले, हार धरायला मी. बऱ्याच वेळाने साहेब बाहेर आले. फेटा बांधून घेतला, फोटो काढला. वसतिगृहाचे नाव निघताच शेठजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अर्ज पीएकडे द्या. तुम्ही कुठल्या गावचे?"

परतताना गाडीत बाकीचे चौघे पेटले होते. "आपल्याच गाडीतून फिरला अन् गाव इचारतो!"

"दमलेत वो," शेठजी म्हणाले. "फेटा घट्ट बसला असंल."

कारखान्यात येताच मात्र ते तडक साहेबांच्या खोलीत गेले, खुर्चीवरचा टॉवेल ओढला आणि त्याने तोंड पुसले. "ग्रॅज्युएट, बहिणीला घेऊन ये. तिच्या मैत्रिणी असतील तर त्या बी."

आता त्या दोन्ही खोल्यांत आमच्या भागातल्या मुली राहतात. चौघे कारखानदार साहेबांना शिव्या घालत न चुकता धान्य पाठवतात. हंगाम संपवून आई आली तेव्हा शेठजींनी तीच खुर्ची पुढे केली.

"बसा, ताई."

"नगं वो शेठ, सायबाची हाय म्हनं ती."

"हुती. बसा तुमी."

आई अगदी काठावर बसली.

परवा पुन्हा तो रेकॉर्ड केलेला आवाज आला. शेठजी बसूनच ऐकत राहिले. हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. फोन ठेवून ते खिडकीबाहेर बघत होते, तेवढ्यात बहीण निकाल हातात घेऊन दारात आली. "शेठकाका, पास झाले!"

शेठजी उठून उभे राहिले आणि त्यांनी वरचे बटण लावले.